सहा वाटसरू आणि एक झाड

सांगोल्याच्या पेठेतील त्या घरात संध्याकाळ लवकर सुरू होई आणि बराच वेळ रेंगाळे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा घरचा नियम होता. आजूबाजूच्या घरांतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागे, तेव्हा या घरातील चूल विझलेली असे आणि मुले हात धुऊन सोप्यात जमलेली असत. पुढे भुसार मालाचे दुकान, मागे घर आणि दोहोंच्या मध्ये एक दार. दुकान आठ वाजेपर्यंत उघडे राही. आप्पा, म्हणजे मुलांचे आजोबा, गादीवर बसत, वडील रोजमेळ लिहीत, आणि मधल्या दोन तासांवर कोणाचाच हक्क नसे. ते दोन तास आजीचे होते.

त्या घरातील थोरला नातू आता साठी ओलांडलेला व्यापारी आहे. लहानपणी कोणत्या गोष्टी आवडत असत, असे त्याला कोणी विचारले की तो आधी गोष्टींची नावे सांगत नाही. तो कंदिलाची काच पुसल्याचा वास सांगतो, ज्वारीच्या पोत्यांचा कोरडा, गोडसर वास सांगतो, आणि आजी गोष्ट सांगताना हातातील वाती वळणे कधी थांबवीत नसे हे सांगतो. मात्र गोष्टीत कोणी प्राणी मरणार असला की वात क्षणभर बोटांतच थांबे. मुले तेवढ्यावरून पुढचे ओळखत.

आजीची सर्वांत लाडकी गोष्ट बेडकाची होती. राजगृहीत भगवान महावीरांचे समवसरण आले. राजा श्रेणिक हत्तीवर बसून दर्शनाला निघाला आणि सारे नगर त्याच्यामागे चालले. एका विहिरीतल्या बेडकालाही जावेसे वाटले. त्याने तोंडात कमळाची एक पाकळी धरली आणि तो उड्या मारीत गर्दीतून निघाला. वाटेत राजाच्या हत्तीचा पाय त्याच्यावर पडला. पाकळी देवापर्यंत पोहोचली नाही, परंतु पोहोचविण्याचा भाव मात्र पोहोचला आणि बेडूक देवगतीला गेला. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात पूजेच्या फळाचे उदाहरण म्हणून या बेडकाचा उल्लेख केला आहे, हे त्या नातवाला पुष्कळ वर्षांनी कळले. आजीने ग्रंथाचे नाव कधी घेतले नव्हते. तिच्या दृष्टीने तो बेडूक ओळखीतला होता.

भिंतीपलीकडे एक मारवाडी कुटुंब राहत असे. ते श्वेतांबर, हे दिगंबर. पर्युषणाच्या तिथी दोन्ही घरांत वेगवेगळ्या, पण पापड लाटायला दोन्ही घरे एकत्र येत आणि त्या दुपारी गोष्टी भिंत ओलांडून येत. तिकडची वृद्ध शेजारीण मेघकुमाराची गोष्ट सांगे. मेघकुमार मागील जन्मी हत्ती होता. वणव्यापासून बचाव व्हावा म्हणून त्याने रानात गवत, वेली उपटून एक मोकळे मैदान तयार केले होते. आग लागली आणि सारे प्राणी त्या मैदानात दाटीने उभे राहिले. हत्तीने अंग खाजवण्यासाठी पाय उचलला, तेवढ्यात त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. हत्तीने पाय खाली टेकला नाही. अडीच दिवसांनी वणवा शमला, प्राणी पांगले, आणि आखडलेला पाय टेकू पाहणारा हत्ती कोसळला तो पुन्हा उठला नाही.

ही गोष्ट ऐकल्यावर पेठेतील मुलांनी एका पायावर उभे राहण्याची पैज लावली. सर्वांत जास्त टिकलेला मुलगाही शाळेच्या घंटेपर्यंत पोहोचला नाही. अडीच दिवस म्हणजे किती, हे त्या दिवशी त्यांना पायांनी समजले. त्याच रात्री नातवाने आजीला एक पेच घातला. मेघकुमार राजा श्रेणिकाचाच मुलगा. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच राजगृहीच्या. मग एका हत्तीने सशासाठी पाय उचलून धरला आणि दुसऱ्याने बेडकावर पाय दिला, हे कसे?

आजी थोडा वेळ वात वळीत राहिली. मग म्हणाली, “त्या हत्तीला बेडूक दिसलाच नाही रे. म्हणून तर खाली बघून चालायचं.”

मुलांना ईर्यासमिती हा शब्द पुढे पाठशाळेत शिकविला गेला. त्याचा अर्थ त्यांना आधीच ठाऊक होता.

गोष्टींचे आणखीही झरे होते. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी होती, चिमणीचे मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे घर होते. चातुर्मासात गल्लीतल्या दुसऱ्या घरात श्रीधर कवींचा पांडवप्रताप वाचला जाई. हरिविजय, रामविजय आणि शिवलीलामृत महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविणारे हे श्रीधर कवी नाझऱ्याचे, आणि नाझरे सांगोला तालुक्यातच आहे. त्यामुळे भीमाची गदा जणू माणगंगेच्या काठीच घडली असावी, असे मुलांना वाटे. १९५२ पासून निघू लागलेला ‘चांदोबा’ घरात हातोहात फिरत असे. त्यातील वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकला की पुढच्या महिन्याची वाट पाहण्याला अंत नसे. नोव्हेंबर १९७१ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाने ‘किशोर’ सुरू केले, तेव्हा नातू वाचू लागला होता. एका अंकासाठी चार भावंडे भांडत आणि आजी तो अंक आपल्या उशीखाली ठेवून देई.

मोठेपणी व्यापारातून सवड काढून त्याने बरेच वाचले, तेव्हा या गोष्टींनी किती मुलूख पाहिला आहे हे त्याच्या ध्यानात आले. पंचतंत्राचा एक विस्तृत आणि पुढे फार प्रसार पावलेला पाठ पूर्णभद्र या जैन मुनींनी इ.स. ११९९ मध्ये सिद्ध केला होता. विहिरीत वेलीला लोंबकळणारा, खाली अजगर आणि वर वेल कुरतडणारे दोन उंदीर असतानाही ओठांवर पडणाऱ्या मधाच्या थेंबात रमलेला माणूस आजी सांगत असे. तोच माणूस हेमचंद्राचार्यांच्या परिशिष्टपर्वात आहे, महाभारताच्या स्त्रीपर्वातही आहे. पुढे अरबस्तानामार्गे युरोपात जाऊन तो टॉलस्टॉयच्या आत्मनिवेदनातही लोंबकळतो आहे. सांगोल्याच्या सोप्यात कंदिलाखाली ऐकलेला माणूस रशियात भेटावा, याचा त्याला कोण आनंद झाला. मात्र हे सारे नंतरचे. गोष्टीचा पत्ता माहीत नसतानाही ती आपले काम करीत असते, हे त्याने १९७२ साली पाहिले होते.

त्या साली तो नऊ वर्षांचा होता. सांगोला हा मुळातच कमी पावसाचा तालुका. पावसाचे ढग घाटावरच रिकामे होतात आणि माणदेशाच्या वाट्याला वारा येतो. त्या वर्षी तोही भरवशाचा राहिला नाही. माणगंगेचे पात्र वाळूचे झाले. रविवारच्या बाजारात खिलार बैल मिळेल त्या किमतीला विकले जाऊ लागले, कारण कडबा माणसाच्या भाकरीइतका महाग झाला होता. रस्त्यांच्या कडेला दुष्काळी कामे निघाली. कालचे बागायतदार आज खडी फोडताना दिसू लागले. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो. त्याच्या भाकरीला ना चव, ना वास, अशी साऱ्यांची तक्रार होती आणि तोच खाऊन सारे जगत होते.

वखारीत आधीच्या वर्षाची काही पोती ज्वारी शिल्लक होती. दर बाजाराला भाव वाढत होता. आज विकली तर एक किंमत, महिन्याने विकली तर दुसरी. शाळेतून आल्यावर नातू दुकानाच्या पायरीवर बसे, तेव्हा त्याला गिऱ्हाइकांचे चेहरे दिसत. पिढ्यान्‌पिढ्यांचा एक खातेदार शेतकरी एके दिवशी रिकामी पिशवी घेऊन आला. पैसे नव्हते. आप्पांनी त्याला बसविले, पाणी दिले आणि म्हणाले, “रविवारी या. बघू.” तो मनुष्य पिशवीची घडी घालून निघून गेला. ती घडी नातवाच्या मनातून आजही गेलेली नाही.

पापड लाटण्याच्या दुपारी शेजारणीने सांगितलेली पाच दाण्यांची गोष्ट त्याच सुमारास त्याने पुन्हा आठवून पाहिली. राजगृहीच्या धन्य सार्थवाहाने चार सुनांना भाताचे पाच-पाच दाणे दिले आणि मागेन तेव्हा परत द्या म्हणून सांगितले. उज्झिकेने ते फेकून दिले, भोगवतीने खाऊन टाकले, रक्षिकेने डबीत जपून ठेवले आणि रोहिणीने माहेरी पेरायला दिले. पाच वर्षांनी ते परत आणायला गाड्या जुंपाव्या लागल्या. ज्ञाताधर्मकथेतील ही गोष्ट व्यापाऱ्याच्या मुलांना फार प्रिय. त्यात भांडवल आहे आणि वाढही आहे. पण त्या वर्षी नातवाला पहिल्यांदाच भोगवतीची दया आली. तिला भूक लागली असेल, असे तो म्हणाला. रोहिणीचे कौतुक पाऊस पडतो त्या गावात ठीक आहे, हे त्याला सांगता आले नाही, पण वाटत तेच होते.

त्या आठवड्यात एका रात्री आजीने सहा वाटसरूंची गोष्ट काढली. ती नवी नव्हती. सहा वाटसरू भुकेले होऊन रानातल्या फळांनी लगडलेल्या झाडापाशी आले. पहिला म्हणाला, झाड मुळापासून तोडू. दुसरा म्हणाला, मोठी फांदी पुरे. तिसऱ्याला लहान डहाळी पुरेशी वाटली, चौथ्याला घोस. पाचवा म्हणाला, पिकलेली तेवढी फळे तोडू. सहावा म्हणाला, खाली पडलेली फळेच पोटापुरती आहेत, ती वेचू. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल या सहा लेश्या, म्हणजे मनाचे सहा रंग, समजावण्यासाठी गोम्मटसार जीवकांडात हा दृष्टांत येतो, आणि अनेक जैन मंदिरांत त्याचे चित्रही पाहावयास मिळते. परंपरेत ते झाड जांभळाचे मानले जाते. नातवाने जांभळाचे रान पाहिले नव्हते. त्याच्या मनात माळावरची बोरीच उभी राही, काट्यांसकट.

गोष्ट संपली की आजी प्रत्येक मुलाला विचारी, “आज तू कितवा?” भावंडाचा लाडू पळविणारा खाली मान घालून “दुसरा” म्हणे. स्वतःहून सहावा म्हणवून घेणाऱ्याला आजी हसत असे. त्या रात्री मात्र तिने मुलांना काहीच विचारले नाही. गोष्टही तिने नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात सांगितली होती. मधले दार उघडे होते. पलीकडे आप्पा गादीवर बसले होते आणि त्या वेळी एकही गिऱ्हाईक नव्हते.

पुढे काय झाले, हे नातवाला दिसले नाही. रविवारी तो शेतकरी आला की नाही, त्याला किती माप मिळाले आणि कोणत्या भावाने, हे नऊ वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? ज्वारीची पोती हळूहळू संपली, पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि विषय मागे पडला. मनात मात्र एक प्रश्न राहून गेला. आप्पा कितवे?

उत्तर मिळायला सुमारे अठरा वर्षे लागली. आप्पा गेल्यानंतर माळ्यावरच्या जुन्या चोपड्या रद्दीत काढावयाच्या होत्या. लाल कापडी पुठ्ठ्यांच्या त्या ढिगातून त्याने विक्रम संवत २०२९ ची खतावणी बाजूला काढली. ते साल १९७२ च्या दिवाळीत सुरू झाले होते. पौष आणि माघाची पाने त्याने ओळ न् ओळ वाचली. जुन्या खातेदारांच्या नावे ज्वारी दिवाळीच्या भावाने लिहिलेली होती. बाहेरून आलेल्या रोख गिऱ्हाइकांना ती त्या-त्या बाजाराच्या भावाने, म्हणजे चढ्याच भावाने विकलेली होती. खातेदारांपैकी काहींची बाकी पुढच्या सालात ओढलेली होती, त्याच्या पुढच्या सालातही ओढलेली होती आणि नंतर ती नुसतीच थांबली होती. पिशवीची घडी घालून गेलेल्या त्या शेतकऱ्याचे नाव त्याला सापडले. त्याच्या नावे दोन वेळा ज्वारी होती. जमा काहीच नव्हते.

तो चोपडी घेऊन आजीकडे गेला. तिला आता फारसे दिसत नसे. वाती मात्र ती अजूनही वळीत होती. त्याने विचारले, “आजी, आप्पा कितवे होते गं?”

तिला आठवायला वेळ लागला नाही. “झाड तोडलं नाही त्यांनी,” ती म्हणाली. “पण वर हात घालून फळं काढलीच की. घर चालवायचं होतं. सहावा होऊन दुकान चालत नाही बाळा, आणि पहिला होऊन गाव राहत नाही.”

“मग तू ती गोष्ट त्यांना ऐकवायला सांगितलीस ना?”

“मी पोरांना सांगत होते,” आजी म्हणाली. “दार उघडं होतं.”

त्या दिवसापर्यंत त्याला बालपणीच्या गोष्टी उपदेशासारख्या वाटत. शहाण्याने काय करावे ते सांगणाऱ्या, ऐकून मान डोलवावी अशा. खतावणी पाहिल्यावर त्यांचे वेगळे रूप त्याच्या ध्यानात आले. आजीची गोष्ट तराजूसारखी होती. तराजू काय घ्यावे हे सांगत नाही. घेतलेले किती भरले एवढेच दाखवितो. आप्पांच्या कानावर ती गोष्ट पडली नसती, तर त्यांनी त्या दोन ओळी वेगळ्या भावाने लिहिल्या असत्या की काय, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण त्या भावात आणि बाजारभावात जे अंतर होते, तेवढ्या जागेत एक गोष्ट मावत होती, एवढे त्याला दिसले.

मग त्याची स्वतःची पाळी आली. भुसाराचे दुकान मागे पडून खते, बियाणे आणि औषधांचे दुकान झाले होते. सांगोल्याच्या माळावर डाळिंबाने सोने पिकविले होते. थोड्या पाण्यावर, मुरमाड जमिनीत भगवा डाळिंब येत होता आणि कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहत होती. सोलापूरला २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सुरू झाले. आणि त्याच वर्षांत तेल्या रोगाने बागा धरल्या. पानांवर, फळांवर तेलकट डाग पडत, ते काळे होत आणि भरलेले फळ झाडावरच तडकत असे. फवारणीमागून फवारणी झाली. औषधे उधारीवर गेली आणि फळ बाजारात गेलेच नाही.

एका शेतकऱ्याकडे दोन हंगामांची बाकी होती. ती मागण्यासाठी तो स्वतः त्याच्या मळ्यावर गेला. तेथे झाडे मुळासकट उपटण्याचे काम चालले होते. रोग शेजारच्या बागेत जाऊ नये म्हणून उपटलेल्या झाडांचे ढीग करून ती जाळली जात होती. शेतकरी धुरातून पुढे आला आणि मोजकेच बोलला. “शेठ, रोकड नाही. खिलारची जोडी आहे. रविवारी बाजारात उभी करतो. येईल ते तुमचं.”

बैल गोठ्यात रवंथ करीत उभे होते. समोर एक संपूर्ण बाग मुळापासून निघत होती. पहिल्या वाटसरूचे बोलणे इतक्या उघड्या रूपात कधी समोर येईल, असे त्याला वाटले नव्हते. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “आबा, बैल ठेवा. रान रिकामं झालंय, त्यात ज्वारी पेरा. बियाणं माझ्याकडून न्या. आपण नंतर बसू.”

याला औदार्य म्हणावे की व्यवहार, हे त्याला आजतागायत ठरविता आलेले नाही. बैल गेलेला शेतकरी बाकी कधीच फेडू शकत नाही, हे त्याचे व्यापारी मन त्याच क्षणी सांगत होते. अशी खाती एक नव्हती, पुष्कळ होती. सर्वांना तो तसे म्हणू शकला नाही. काहींकडून त्याने निकराने वसुली केली आणि त्यांपैकी एक-दोघे आजही दुकानावरून जाताना नजर चुकवितात. त्या वर्षी दुकानासाठी बँकेचे कर्ज काढावे लागले. मुलगा रागावला, “हिशेबात गोष्टी आणू नका, दादा,” असे म्हणाला. त्या शेतकऱ्याची बाकी चार-पाच वर्षांत तुकड्यातुकड्यांनी आली, बरीचशी आली, सगळी आली नाही. उरलेली रक्कम त्याने एका दिवाळीला वहीत सोडून दिली. सोडताना ओळीच्या कडेला पेन्सिलीने लहानसा आकडा लिहिला, पाच. मग थोडा विचार करून तो खोडला आणि चार लिहिला.

आता तो मुलगाच दुकान पाहतो. नात पुण्याला असते. सहा वर्षांची आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पुण्याच्या घरात जमेल तेव्हा पाळला जातो. शनिवारी मात्र ती लवकर जेवते आणि फोनच्या पडद्यावर येऊन बसते. तिला चित्रांची पुस्तके पुष्कळ आहेत, पडद्यावर हलणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत. तरी आजोबांच्या गोष्टीत ती मध्येच बोलू शकते, ही सोय तिला फार आवडते. अडीच दिवस पाय वर धरणाऱ्या हत्तीला तिने दुसरा पाय बदलण्याचा सल्ला दिला होता.

मागच्या शनिवारी त्याने तिला सहा वाटसरूंची गोष्ट सांगितली. तिने झाड कोणते ते विचारले. परंपरेत ते जांभूळ मानतात, हे माहीत असूनही तो बोर म्हणाला. सहाव्याने खाली पडलेली बोरे धुऊन खाल्ली का, हा तिचा पहिला प्रश्न होता. धुतली असतील, असे त्याने मान्य केले. मग नियमाप्रमाणे त्याने विचारले, “आज तू कितवी?”

तिने बोटांवर हिशेब केला. शाळेतल्या मैत्रिणीचा रंगीत खडू न विचारता घेतला होता, पण परत दिला होता. “तिसरी,” ती म्हणाली. आणि लगेच, ज्याची त्याने पन्नास वर्षांत कोणाकडून अपेक्षा केली नव्हती ते विचारले, “आजोबा, तुम्ही कितवे?”

मधले दार उघडे होते. दुकानात मुलगा उद्याच्या बाजारासाठी उधारीची यादी काढीत बसला होता. त्याचा पेन थांबल्याचे इकडे ऐकू आले.

“उद्या रविवार आहे,” आजोबा म्हणाले. “बाजार उरकू दे. मग सांगतो.”